एक बर्थ, दोन प्रवासी : कोलकात्याच्या आरक्षण खिडकीतून डेटाबेस व्यवहाराचा इतिहास

१. प्रश्न कोठून येतो?

हावडा स्थानकात मुंबईची गाडी फलाटाला लागली आहे, असे समजा. दुर्गापूजेच्या सुट्ट्या आहेत आणि गर्दी मोठी आहे. एक कुटुंब डब्यात चढते, आपला बर्थ शोधते, तर तेथे दुसरे कुटुंब सामान लावून बसलेले. दोघांकडेही तिकीट आहे आणि दोन्ही तिकिटांवर तोच डबा, तोच क्रमांक, तीच तारीख आहे. पैसे दोघांनीही भरले आहेत. तिकीट तपासनीस कोणाला उठवणार? यात प्रवाशांची चूक नाही आणि तपासनीसाचीही नाही. चूक काही आठवड्यांपूर्वी, कोठल्या तरी दोन खिडक्यांवर, एका क्षणात होऊन गेली आहे.

सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याला हा प्रश्न वेगळ्या रूपात भेटतो. तुम्ही आरक्षणाचा एक प्रोग्राम लिहिला आहे. त्यात वीस-पंचवीस मेथड आहेत. त्यांपैकी कोणती मेथड डेटाबेसच्या ट्रान्झॅक्शनमध्ये, म्हणजे व्यवहारात चालवायची आणि कोणती नाही? परीक्षेत व्यवहाराची व्याख्या बहुतेकांना लिहिता येते. प्रत्यक्ष प्रोग्राम लिहिताना मात्र बरेच विद्यार्थी दोन टोके गाठतात. काहीजण सर्वच मेथडना व्यवहार लावतात, तर काहीजण गडबड होईपर्यंत एकीलाही लावत नाहीत.

या पाठात आपण व्याख्येपासून सुरुवात करणार नाही. कोलकात्यात हा प्रश्न टप्प्याटप्प्याने कसा उभा राहिला, ते पाहू. एकच मुद्दा मनात ठेवून पुढे वाचा : व्यवहाराची हद्द मेथडवरून ठरत नाही, ती दिलेल्या वचनावरून ठरते.

२. एकट्या यंत्राचा काळ

भारतातील पहिला संगणक कोलकात्याजवळ, बरानगर येथील भारतीय सांख्यिकी संस्थेत आला. प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी उभ्या केलेल्या या संस्थेत १९५६ साली ‘हेक-टू-एम’ हे ब्रिटिश बनावटीचे यंत्र काम करू लागले. पुढे याच संस्थेने जादवपूर विद्यापीठाबरोबर ‘इसिजू-१’ हा संगणक बांधला. तो १९६६ साली पूर्ण झाला.

या यंत्रांवर आकडेमोड होत असे, आणि एका वेळी एकच काम चाले. मध्येच वीज गेली किंवा यंत्र बिघडले, तर तेच काम पुन्हा पहिल्यापासून चालवता येई. वेळ वाया जाई, पण कोणाचे नुकसान होत नसे. अर्धवट उत्तर कोणाच्या हाती पडलेले नसे आणि त्या उत्तरावर विसंबून कोणी गाव सोडलेले नसे.

येथे व्यवहाराची गरज का नव्हती, ते नीट पाहा. यंत्र लहान होते हे त्याचे कारण नव्हे. कारणे दोन होती. पहिले, साठवलेल्या माहितीला दुसरे कोणी हात लावत नव्हते. दुसरे, काम अर्धवट राहिले तर ते फेकून देऊन नव्याने सुरू करता येत होते. आजही तुमच्या एखाद्या मेथडच्या बाबतीत या दोन्ही गोष्टी खऱ्या असतील, तर तिला व्यवहाराची गरज नाही. वर्गातील गुणांची सरासरी काढून पडद्यावर दाखवणारी मेथड हे त्याचे साधे उदाहरण आहे.

३. रजिस्टर हेच कुलूप

त्याच काळात, त्याच शहरात, रेल्वेच्या आरक्षण कार्यालयात संगणक नव्हता, पण वरच्या दोन्ही अडचणी रोज समोर येत होत्या. साठा एक आणि मागणारे अनेक. शिवाय एकदा तिकीट हातात दिले की ‘पुन्हा पहिल्यापासून’ म्हणता येत नसे.

तेव्हाची व्यवस्था अशी होती. प्रत्येक गाडीच्या प्रत्येक तारखेची नोंद कागदावर असे. कारकून त्यात प्रवाशाचे नाव, वय आणि बर्थचा क्रमांक हाताने लिहीत असे. ज्या गाडीचे रजिस्टर ज्या खिडकीवर, त्याच खिडकीसमोर प्रवाशाला रांग लावावी लागे. प्रवाशांना हा जाच वाटे. पण त्या गैरसोयीतच एक सुरक्षा होती : रजिस्टर एकच असल्याने दोन कारकुनांना एकाच वेळी एकच बर्थ विकता येत नसे. आज आपण ज्याला ‘लॉक’ म्हणतो, ते काम तेव्हा ती वही करत असे. वही ज्याच्या हातात, लिहिण्याचा हक्क त्याचा.

मधल्या स्थानकांचे काय? हावड्याहून सुटणारी गाडी टाटानगर, बिलासपूर, रायपूर, नागपूर असे थांबे घेत मुंबईला जाते. नागपूरच्या कारकुनाने प्रत्येक तिकिटासाठी हावड्याला विचारणे शक्य नव्हते. म्हणून स्थानकांना ठरावीक कोटा दिलेला असे. नागपूरच्या वाट्याचे बर्थ नागपूरने विकायचे आणि हावड्याने त्यांना हात लावायचा नाही. साठा असा आधीच वाटून टाकला की दोन ठिकाणी संगनमत ठेवण्याची गरजच उरत नाही. त्याची किंमतही होती. एकीकडे नागपूरचा कोटा रिकामा आणि दुसरीकडे हावड्याला प्रतीक्षा यादी लांबलेली, असे होऊ शके.

परतीच्या किंवा पुढच्या प्रवासाचे आरक्षण हवे असेल, तर दुसऱ्या शहराला तार पाठवून उत्तराची वाट पाहावी लागे. जायचे तिकीट हातात, परतीचे अधांतरी. ही दोन्ही तिकिटे मिळून प्रवाशाच्या दृष्टीने एकच निर्णय होता, पण ते एकत्र बांधण्याचे साधन रेल्वेकडे नव्हते.

४. अनेक खिडक्या, एक साठा

हीच अडचण अमेरिकेत विमान कंपन्यांना आली होती. अमेरिकन एअरलाइन्स आणि आयबीएम यांनी मिळून ‘सेबर’ ही आरक्षण प्रणाली उभी केली आणि १९६४ पर्यंत ती पूर्णपणे कामाला लागली. शेकडो टर्मिनल एकाच साठ्यावर काम करू लागली, तेव्हा वहीचे कुलूप गेले. त्याच्या जागी काय आणायचे, हा प्रश्न संशोधकांसमोर आला.

१९७६ साली आयबीएमच्या सॅन होजे येथील प्रयोगशाळेतील एस्वारन, ग्रे, लॉरी आणि ट्रेगर या चौघांनी एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. अनेक व्यवहार एकाच वेळी चालू असतानाही माहिती सुसंगत कशी ठेवायची आणि त्यासाठी लॉक कसे लावायचे, याची शिस्तशीर मांडणी त्यात होती. त्यांच्यापैकी जिम ग्रे यांनी १९८१ साली व्यवहार या संकल्पनेवरच स्वतंत्र निबंध लिहिला. ही कल्पना करारांच्या कायद्यातून येते, असे त्यांनी त्यात दाखवून दिले. दोन पक्ष बोलणी करतात, मग करार पक्का होतो आणि त्यानंतर दोघेही त्याला बांधले जातात. मराठीत आपण ‘व्यवहार पक्का झाला’ म्हणतो, तेव्हा नेमका हाच अर्थ असतो.

१९८३ साली थिओ हेर्डर आणि आंद्रेआस रॉयटर यांनी व्यवहाराच्या चार गुणांना ‘अ‍ॅसिड’ हे लघुनाम दिले. पहिला गुण अखंडता : सर्व बदल होतील किंवा एकही होणार नाही. दुसरा सुसंगती : साठ्याचे नियम मोडणार नाहीत. तिसरा विलगता : चालू असलेल्या एका व्यवहाराचे अर्धे काम दुसऱ्याला दिसणार नाही. चौथा टिकाऊपणा : पक्का झालेला व्यवहार यंत्र बंद पडले तरी पुसला जाणार नाही.

भारतात याच सुमारास रेल्वेने संगणकीकृत आरक्षण हाती घेतले. सीएमसी या सरकारी कंपनीने तयार केलेली ‘इम्प्रेस’ ही प्रणाली नोव्हेंबर १९८५ मध्ये नवी दिल्लीत प्रायोगिक तत्त्वावर सुरू झाली. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात ती कलकत्त्यासह इतर महानगरांत पोहोचली. कोणत्याही खिडकीवर कोणत्याही गाडीचे तिकीट मिळावे, हा तिचा हेतू होता. प्रवाशाची एक रांग वाचली. पण आता अनेक कारकून एकाच वेळी एकाच गाडीच्या एकाच बर्थकडे पाहू शकत होते.

५. मग कोणत्या मेथडला व्यवहार हवा?

आता आपल्या प्रोग्रामकडे वळू. आरक्षण प्रणालीत असतील अशा पाच मेथड घेऊ. त्या अभ्यासासाठी सोप्या केलेल्या आहेत, पण त्यांतील अडचणी खऱ्या आहेत.

पहिली, ‘उपलब्धता दाखवा’. अमुक गाडीत अमुक तारखेला किती जागा आहेत, एवढेच ती सांगते. हा आकडा पडद्यावर येईपर्यंत जुना होऊ शकतो, आणि ते चालते. कारण ‘जागा आहे’ हे सांगणे म्हणजे ‘जागा तुमची’ असे वचन नव्हे. या मेथडसाठी लॉक लावून बसलात, तर नुसती चौकशी करणारे हजारो लोक खऱ्या खरेदीदारांची वाट अडवतील.

दुसरी, ‘आरक्षण करा’. ती रिकामा बर्थ शोधते, तो प्रवाशाच्या नावे करते, तिकिटाची नोंद करते आणि भाड्याची रक्कम त्या खिडकीच्या हिशेबात मिळवते. या तीन नोंदी वेगवेगळ्या तक्त्यांत जातात, पण प्रवाशाला दिलेले वचन एकच आहे. बर्थ दिला आणि तिकिटाची नोंद राहिली, तर जागा रिकामी धावेल. तिकिटाची नोंद झाली आणि बर्थ दिला गेला नाही, तर हावड्याच्या फलाटावरचे भांडण ठरलेले. म्हणून या तिन्ही नोंदी एकाच व्यवहारात हव्यात.

येथे एक सापळा आहे. नुसता व्यवहार सुरू केला म्हणजे काम झाले, असे नाही. समजा, दोन खिडक्यांवरील दोन व्यवहारांनी एकाच वेळी वाचले की बर्थ क्रमांक २३ रिकामा आहे. दोघांनीही तो आपापल्या प्रवाशाला दिला आणि दोघांनीही कमिट केले. पोस्टग्रेस किंवा ओरॅकलसारख्या डेटाबेसमध्ये विलगतेची जी पातळी मुळात लावलेली असते, ती हा प्रकार आपोआप थांबवत नाही. वाचून घेतलेला निर्णय लिहीपर्यंत खरा राहायला हवा असेल, तर तशी सोय तुम्हालाच करावी लागते. एक मार्ग म्हणजे ती ओळ वाचतानाच लॉक करणे. दुसरा मार्ग म्हणजे ‘बर्थ अजून रिकामा असेल तरच बदल करा’ अशी अट बदलाच्याच आज्ञेत घालणे आणि किती ओळी बदलल्या ते तपासणे. त्याच्या जोडीला गाडी, तारीख, डबा आणि बर्थ या चौकडीची पुनरावृत्ती होऊ नये, असा नियम डेटाबेसमध्येच ठेवावा. म्हणजे प्रोग्राम चुकला तरी साठा चुकणार नाही. खऱ्या गाडीत तोच बर्थ निम्म्या वाटेपर्यंत एकाला आणि पुढे दुसऱ्याला देता येतो. तेव्हा हा नियम प्रवासाच्या टप्प्यांनुसार करावा लागतो.

तिसरी, ‘तिकीट रद्द करा’. तिकीट रद्द करणे आणि बर्थ मोकळा करणे हे एकत्रच व्हायला हवे. पण प्रतीक्षा यादीतील पुढच्या प्रवाशाला तो बर्थ देण्याचे काम त्याच व्यवहारात हवे का? उत्तर नियमावर अवलंबून आहे. मोकळा झालेला बर्थ रांगेबाहेरच्या नव्या गिऱ्हाइकाला मिळू नये, हा नियम असेल, तर दोन पर्याय उरतात. एक तर दोन्ही कामे एकाच व्यवहारात करा, नाहीतर तो बर्थ ‘प्रतीक्षा यादीसाठी राखीव’ अशा स्थितीत ठेवा आणि वाटप नंतर करा. दोन्ही पर्याय बरोबर आहेत. चूक आहे ती तो बर्थ मधल्या काळात सर्वांसाठी उघडा ठेवण्यात.

चौथी, ‘आरक्षण तक्ता तयार करा’. ही मेथड मुख्यतः वाचन करते, तरीही तिला व्यवहार लागू शकतो. डबा क्रमांक एकची यादी वाचली, त्यानंतर एका प्रवाशाचा बर्थ डबा दोनमधून एकमध्ये बदलला, आणि मग डबा दोनची यादी वाचली, तर तो प्रवासी दोन्ही याद्यांतून गळेल. सर्व डबे एकाच क्षणी जसे होते तसे दिसायला हवेत. येथे व्यवहार हवा तो त्या एका क्षणाच्या चित्रासाठी.

पाचवी, ‘प्रवाशाचा फोन क्रमांक बदला’. एकाच तक्त्यातील एकाच ओळीत एकच बदल. डेटाबेसची प्रत्येक स्वतंत्र आज्ञा मुळातच अखंड असते, ती अर्धी होत नाही. वेगळा व्यवहार उघडून येथे काही नवे मिळत नाही.

या पाच उदाहरणांतून तीन प्रश्न हाती येतात. एकापेक्षा अधिक नोंदी मिळून एकच वचन होते का? वाचून घेतलेला निर्णय लिहीपर्यंत खरा राहायला हवा का? अनेक ठिकाणी वाचलेली माहिती एकाच क्षणाची असायला हवी का? एकाचेही उत्तर ‘हो’ असेल, तर व्यवहार हवा. तिन्हींचे उत्तर ‘नाही’ असेल, तर तो नको.

६. दोन शहरांचा एक व्यवहार

‘इम्प्रेस’मुळे कोलकात्यातील खिडक्या जोडल्या गेल्या, पण शहरे अजून सुटीच होती. प्रत्येक केंद्राचा साठा वेगळा. मुंबईहून परतीचे तिकीट हावड्यात हवे असेल, तर जुनी अडचण कायम होती.

ती सोडवण्यासाठी रेल्वेच्या ‘क्रिस’ या संस्थेने ‘कॉन्सर्ट’ ही नवी प्रणाली तयार केली. १९९४ साली ती प्रथम सिकंदराबादला सुरू झाली आणि १९९९ पर्यंत दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई व सिकंदराबाद ही पाचही केंद्रे एकमेकांशी जोडली गेली. माहिती एका जागी गोळा केली गेली नाही. प्रत्येक केंद्राने आपापल्या गाड्यांचा साठा आपल्याकडेच ठेवला. केंद्रांना जोडण्यासाठी डिजिटल या कंपनीचे ‘रिलायबल ट्रान्झॅक्शन राउटर’ नावाचे सॉफ्टवेअर वापरले गेले. नावातच त्याचे काम आहे : व्यवहार योग्य केंद्रांकडे पोहोचवणे आणि मधली ओळ तुटली तरी तो अर्धवट राहू न देणे.

दोन साठ्यांत एकच व्यवहार कसा पक्का करायचा, याची मूळ युक्ती ग्रे यांच्या १९७८ च्या लेखनात सापडते. तिला दोन टप्प्यांचे कमिट म्हणतात. पहिल्या टप्प्यात समन्वयक प्रत्येक साठ्याला विचारतो, ‘पक्के करायची तयारी आहे का?’ साठा आपले बदल नोंदवहीत सुरक्षित लिहून ठेवतो आणि मगच ‘हो’ म्हणतो. सर्वांचा होकार आला, तर दुसऱ्या टप्प्यात ‘पक्के करा’ असा आदेश जातो. एकानेही नकार दिला, तर सर्वांनी मागे फिरायचे. तारेच्या काळात जे दोन निर्णय सुटे पडत, त्यांना एकत्र बांधण्याचे साधन हेच.

पण याचीही किंमत आहे. ‘हो’ म्हटल्यानंतर आणि आदेश येण्यापूर्वी साठ्याला ते बर्थ अडवून ठेवावे लागतात. समन्वयक मध्येच गप्प झाला, तर सर्वजण खोळंबतात. म्हणून मोठ्या व्यवहाराचा मोह टाळा. प्रवासी जाण्याचे तिकीट परतीशिवायही घ्यायला तयार असेल, तर ती दोन वचने आहेत. दोन छोटे व्यवहार पुरेत.

७. व्यवहाराबाहेरचे जग

डेटाबेस स्वतःच्या नोंदी मागे घेऊ शकतो. छापून खिडकीबाहेर गेलेले तिकीट तो परत आणू शकत नाही. म्हणून आधी कमिट आणि मग छपाई, हाच क्रम सुरक्षित आहे. छपाई अडली, तर झालेली नोंद पाहून तिकीट पुन्हा छापता येते. क्रम उलटा केला आणि कमिट फसले, तर प्रवाशाच्या हातात खोटे वचन राहते.

ऑगस्ट २००२ मध्ये आयआरसीटीसीने इंटरनेटवरून तिकीट विक्री सुरू केली आणि ही अडचण वाढली. सुरुवातीला तिकीट कुरियरने घरी येत असे, पण पैसे मात्र लगेच बँकेतून जात. आता व्यवहारात तिसरा पक्ष आला, आणि त्याचा डेटाबेस तुमच्या ताब्यात नाही. बँकेच्या पानावर प्रवासी पासवर्ड आठवत बसला आहे आणि तुमचा व्यवहार तेवढा वेळ बर्थ लॉक करून उघडा आहे, अशी रचना करणे म्हणजे जुन्या कारकुनाने रजिस्टर छातीशी धरून ‘घरी विचारून या, मी थांबतो’ असे म्हणण्यासारखे आहे. मागची सारी रांग अडेल.

यावरचा उपाय १९८७ साली हेक्टर गार्सिया-मोलिना आणि केनेथ सेलम यांनी ‘सागा’ या नावाने मांडला. लांब कामाचे छोटे छोटे व्यवहार करायचे आणि प्रत्येकासाठी भरपाईचे एक उलट काम तयार ठेवायचे. पहिला व्यवहार : मागणीची नोंद, स्थिती ‘पैशांची वाट’. त्यानंतर व्यवहाराबाहेर बँकेशी बोलणे. दुसरा व्यवहार : बर्थ देणे आणि स्थिती ‘पक्के’ करणे. बर्थ उरलाच नसेल, तर भरपाई : स्थिती ‘परतावा’ करणे आणि रक्कम परत पाठवणे. रोलबॅक आणि परतावा यांतला फरक ओळखा. रोलबॅकमध्ये काही घडलेच नव्हते असे होते. परताव्यात घडलेले मान्य करून ते निस्तरावे लागते. पैसे गेले आणि तिकीट नाही, अशी वेळ आलेल्या प्रवाशाला हा फरक पुस्तक न वाचताही कळतो.

८. मेथडवरची चिठ्ठी

व्यवहार सुरू करणे, कमिट करणे आणि चूक झाल्यास रोलबॅक करणे हे पूर्वी प्रोग्राममध्ये ओळीने लिहावे लागे. १९९८ साली जावाच्या ‘एंटरप्राइझ जावाबीन्स’ या मानकाने ते काम मेथडवर लावलेल्या चिठ्ठीकडे सोपवले. पुढे ‘स्प्रिंग’ या चौकटीने तीच सोय सोपी केली. तिची पहिली आवृत्ती २००४ साली आली. आज ‘ट्रान्झॅक्शनल’ हा एक शब्द मेथडच्या डोक्यावर लिहिला की भागते. लिहिणे इतके सोपे झाल्यामुळे ‘कोठे’ हा प्रश्नच बाजूला पडला.

या चिठ्ठ्यांचे प्रकार आहेत. ‘रिक्वायर्ड’ म्हणजे व्यवहार चालू असेल तर त्यात सामील व्हा, नसेल तर नवा उघडा. ‘आरक्षण करा’ या मेथडला ही चिठ्ठी योग्य. ‘मँडेटरी’ म्हणजे व्यवहार आधीच चालू असला पाहिजे, नसेल तर काम नाकारा. ‘बर्थ प्रवाशाच्या नावे करा’ ही आतली मेथड घ्या. ती एकटी चालली तर कोणतेच वचन पूर्ण होत नाही. तिने स्वतःचा व्यवहार उघडता कामा नये, म्हणून तिला ही चिठ्ठी. ‘रिक्वायर्स न्यू’ म्हणजे बाहेरचा व्यवहार थांबवून स्वतःचा वेगळा व्यवहार करा. आरक्षणाचा प्रयत्न फसला तरी त्या प्रयत्नाची नोंद राहावी, अशी गरज असेल तेथे ही.

दोन खाचखळगे लक्षात ठेवा. चूक झाल्याचा अपवाद तुम्ही मेथडच्या आतच पकडून गिळला, तर चौकटीला काही बिघडल्याचे कळतच नाही आणि ती अर्धे काम कमिट करते. शिवाय स्प्रिंगमध्ये, तुम्ही वेगळे सांगितले नसेल तर, रनटाइम प्रकारच्या अपवादांवरच रोलबॅक होतो. जे अपवाद मेथडने आधी जाहीर करावे लागतात, त्यांच्यावर होत नाही. चिठ्ठी लावणे सोपे आहे, पण ती काय करते हे वाचण्याची जबाबदारी तुमची आहे.

९. ८ मार्च २०२१

कोलकात्याच्या स्ट्रँड रोडवर नवीन कोयलाघाट ही रेल्वे कार्यालयांची उंच इमारत आहे. ८ मार्च २०२१ च्या संध्याकाळी तिच्या तेराव्या मजल्यावर आग लागली. नऊ जणांचा मृत्यू झाला. त्यांत अग्निशमन दलाचे चार जवान होते. इमारतीचा वीजपुरवठा तोडावा लागला आणि पूर्व भागातील संगणकीकृत तिकीट आरक्षण विस्कळीत झाले.

त्या नऊ जणांपुढे तिकिटांचा विषय फारच लहान आहे, हे विसरू नये. पण ‘यंत्र बंद पडले तर’ हे शब्द पाठ्यपुस्तकात आपण सहज वाचून जातो, म्हणून हा प्रसंग सांगितला. यंत्र असेच बंद पडते : कोणाला न विचारता आणि सर्व खिडक्या चालू असताना. त्या क्षणी प्रत्येक चालू कामाचे दोनच प्रकार असायला हवेत. कमिट झालेले काम वीज परत आल्यावर जसेच्या तसे सापडले पाहिजे. कमिट न झालेले काम पूर्ण पुसले गेले पाहिजे. तिसरा प्रकार, म्हणजे अर्धे झालेले काम, शिल्लक राहिले तर ते कोणालाच ओळखू येत नाही. ते गाडी सुटायच्या दिवशी फलाटावर उघडकीस येते. वीज केव्हा जाईल हे तुम्ही ठरवू शकत नाही. त्या क्षणी काय अर्धवट राहू शकते, हे मात्र मेथड लिहिताना तुम्हीच ठरवलेले असते.

सारांश

एकट्याने वापरायच्या आणि पुन्हा चालवता येणाऱ्या कामाला व्यवहार लागत नाही. बरानगरच्या यंत्राला तो लागला नाही. साठा सामायिक झाला आणि त्यावर वचने दिली जाऊ लागली की व्यवहार लागतो. वहीने तो गैरसोय सोसून सांभाळला, कोट्याने साठा वाटून टाळला, आणि संगणकाने लॉक, कमिट व रोलबॅक यांनी सांभाळला. व्यवहार वचनाएवढाच असावा. तो वचनापेक्षा लहान असेल तर वचन मोडते, मोठा असेल तर रांग अडते. त्यात माणसाची किंवा दुसऱ्या संस्थेची वाट पाहणे नसावे. जे मागे घेता येत नाही, त्यासाठी भरपाई आधीच योजून ठेवावी.

स्वाध्याय

१. तुमच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात ‘पुस्तक द्या’, ‘पुस्तक शोधा’ आणि ‘दंड भरून घ्या’ या मेथड आहेत, असे समजा. प्रत्येकीला पाचव्या भागातील तीन प्रश्न विचारा आणि व्यवहार हवा की नको, ते कारणासह लिहा.

२. स्थानकनिहाय कोट्यामुळे समन्वयाची गरज कशी टळते? त्याची कोणती किंमत मोजावी लागते?

३. तिकीट पक्के झाल्याचा संदेश प्रवाशाच्या फोनवर पाठवायचा आहे. तो कमिटच्या आधी पाठवावा की नंतर? संदेश पाठवताना जाळे बंद पडले तर काय करावे?

४. ‘सर्वच मेथडना व्यवहार लावला तर बिघडते काय?’ असे तुमच्या वर्गमित्राने विचारले. रजिस्टर छातीशी धरलेल्या कारकुनाचे उदाहरण घेऊन त्याला दहा ओळींत उत्तर द्या.